गादीचं ऑपरेशन झाल्यावर तीच गादी परत सरकते का? कोणाला जास्त धोका?

रानजाई

नमस्कार मंडळी. नवऱ्याचं एल५-एस१ चं, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालच्या गादीचं, मायक्रोडिस्केक्टॉमी (छोट्या छेदातून गादीचा बाहेर आलेला तुकडा काढायचं) ऑपरेशन होऊन आता दोनेक महिने होत आलेत. ऑपरेशनच्या आधी डाव्या पायात अशी कळ जायची की रात्र रात्र उभ्याने काढायचा, बसणं तर सोडाच, ती कळ ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर जी गेली ती गेलीच, त्यामुळे ऑपरेशनबद्दल आमची काहीही तक्रार नाही. पण डिस्चार्ज देताना डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची तीच गादी परत सरकते, तेव्हा जपा. आता जपा म्हणजे काय करा ते नीट विचारायचं राहूनच गेलं आणि घरी आल्यापासून डोक्यात तेवढंच घोळतंय.

वय ३८, वजन नव्वदीच्या पुढे, शुगर आहे आणि गोळी चालू आहे. सिगारेट आधी बऱ्याच होत्या, आता दिवसाला दोन-तीन. काम गोदामात, म्हणजे निम्मा दिवस खुर्चीवर कॉम्प्युटरपुढे आणि निम्मा दिवस माल उतरवून घ्यायचा, खोकी सरकवायची, माणसं कमी असली की स्वतःच उचलायची.

प्रत्येकजण वेगळं सांगतोय. एकजण म्हणतो तीन महिने पडूनच राहा, दुसरा म्हणतो चाललंच पाहिजे, तिसरा म्हणतो कंबरेचा पट्टा काढू नका. मला एवढंच समजून घ्यायचंय की गादी परत सरकते ती नेमकी कशामुळे, त्यातलं आमच्या हातात काय आहे आणि काय नाही. आणि एक, त्याच्या डाव्या पायाच्या करंगळीच्या बाजूचा तळवा अजून बधिर आहे, सकाळी कंबर आखडलेली असते, म्हणजे परत काही झालंय का? ज्यांना अनुभव आहे किंवा जे या क्षेत्रातले आहेत त्यांनी प्लीज लिहा.

पायवाट

ताई, माझी परत सरकली होती म्हणून लिहितोय, घाबरवायला नाही, कारण शेवट चांगला झालाय. माझंही एल५-एस१, फक्त उजवा पाय. पहिल्या ऑपरेशननंतर सात-आठ महिने एकदम मस्त गेले, चालणं, ऑफिस, सगळं. मग एका सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसलो, मोजे घालायला वाकलो आणि वाकलेल्या अवस्थेतच जोराची शिंक आली. कंबरेत काहीतरी झालं हे तेव्हाच जाणवलं पण खरी कळ तासाभराने सुरू झाली, कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून करंगळीपर्यंत, अगदी जुन्याच वाटेने. ही कळ ज्याने एकदा भोगलीय त्याला ती ओळखायला एमआरआय लागत नाही, तरी एमआरआय झाला आणि त्यात तेच आलं.

तुम्ही विचारताय ती बधिरता मलाही खूप महिने होती आणि ती त्या सरकण्याच्या आधीपासूनची होती. बधिरता आणि कळ या वेगळ्या गोष्टी आहेत. बधिरता हळूहळू मागे हटते आणि कधी थोडी कायमचीही राहते, पण नव्याने पायात उतरणारी कळ, तीही खोकल्यावर शिंकल्यावर वाढणारी, ती दुर्लक्ष करायची गोष्ट नाही.

दुसऱ्यांदा माझं लगेच ऑपरेशन केलं नाही. गोळ्या, मग नसेजवळ एक इंजेक्शन, आणि वाट बघणं. दीड-दोन महिन्यांत कळ उतरली. डॉक्टर म्हणाले बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच विरघळवून टाकतं, दुसऱ्यांदा आलेलासुद्धा. तेव्हा परत सरकली म्हणजे परत टेबलावर असं काही नसतं, हे नवऱ्याला जरूर सांगा, कारण त्या भीतीनेच माणूस अर्धा होतो.

दिगंत

माझ्या मते तीन महिने पूर्ण आराम आणि पट्टा चोवीस तास. आमच्या ओळखीत एकाने महिन्याभरात हिंडायला सुरुवात केली आणि परत सरकली. गादी म्हणजे गंमत नाही.

अस्थिवैद्य

मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे, मणक्याच्या ओपीडीत बसते. रानजाई, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि डिस्चार्जच्या घाईत तो नेहमी मागे पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पेशंट मी तपासलेला नाही त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा.

आधी आतमध्ये काय होतं ते बघू कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट तंतूंचं अनेक पदरी कडं असतं, ॲन्युलस, आणि मध्ये पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो, न्यूक्लियस. कडं फाटतं, गर बाहेर येतो आणि मागच्या नसेवर बसतो. ऑपरेशनमध्ये आम्ही नसेवर बसलेला तुकडा काढतो आणि गादीत जे सुटं झालेलं असेल ते काढतो. पण गादीतला उरलेला गर तिथेच असतो आणि कड्याला पडलेलं भोकही तिथेच असतं. टायरला कट गेला की आतली ट्यूब तिथूनच फुगून बाहेर डोकावते ना, तसंच समजा. कड्याला रक्तपुरवठा जवळपास नसल्यामुळे ते त्वचेसारखं भरून येत नाही, त्यावर फक्त पातळसा व्रण धरतो आणि तोही सावकाश, काही महिने घेऊन.

म्हणून परत सरकण्याचा सगळ्यात मोठा ठोकताळा म्हणजे हे भोक केवढं आहे. कॅरेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली यावर एक अभ्यास छापला, तो आजही आमच्याकडे सांगितला जातो. ज्यांच्या कड्याला नुसती चीर होती आणि तुकडा सुटा होऊन बाहेर पडला होता त्यांच्यात परत सरकण्याचं प्रमाण साधारण १ टक्का निघालं. ज्यांच्या कड्याला मोठं, म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा रुंद भोक होतं त्यांच्यात २७ टक्के. बघा केवढा फरक आहे. दोघांचंही ऑपरेशन तेच, कागदावर निदानही तेच. तेव्हा ५ ते १५ टक्के हा जो आकडा तुम्हाला सांगितला तो सगळ्यांना एकत्र धरून आहे, तुमच्या नवऱ्याचा आकडा त्याच्या गादीप्रमाणे कमी किंवा जास्त असणार. सर्जनने आत काय पाहिलं ते ऑपरेशन नोट्समध्ये असतं, ती मागून घ्या, तुमचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट लोकांना उलटी वाटते. गादी जितकी जाड, पाणीदार आणि हलती, तितकी ती परत सरकायची शक्यता जास्त दिसते. ज्याची गादी वाळून बसलेली आहे, उंची कमी झालेली आहे, तिथे बाहेर यायला गरही कमी आणि मणक्यांची हालचालही कमी. त्यामुळे एक्सरेत 'जागा चांगली आहे' म्हटलं की लोक खूश होतात, तेवढंच या बाबतीत बघायचं तर ते फारसं खूश होण्यासारखं नाही. वयाचा संबंध अभ्यासांमध्ये एकसारखा येत नाही, पुरुषांमध्ये काही अभ्यासांत जास्त दिसतं, काहींत नाही. आणि घराण्याचा भाग मोठा आहे. फिनलंडमध्ये जुळ्यांवर बरीच वर्षं अभ्यास झाले त्यात गाद्या झिजण्यात आनुवंशिकतेचा वाटा कामाच्या ओझ्यापेक्षा मोठा निघाला. त्याच्या वडिलांना किंवा भावंडांना कमी वयात हा त्रास होता का ते आठवून बघा.

इथपर्यंत जे सांगितलं त्यातलं काहीच तुमच्या हातात नाही. हे मुद्दाम आधी सांगितलं कारण परत सरकली की पेशंट आणि घरचे एकमेकांना दोष देत बसतात, तू वाकलास म्हणून झालं, तू उचललंस म्हणून झालं. बऱ्याच जणांच्या बाबतीत कड्याचं भोकच तसं असतं, त्या दिवशी शिंक आली नसती तर दुसऱ्या कशाने तरी झालं असतं.

आता हातात असलेलं. पहिला नंबर सिगारेटचा, यात मी अजिबात सवलत देत नाही. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, मणक्याच्या वरच्या-खालच्या पातळ पृष्ठभागातून पोषण झिरपतं त्यावर ती जगते. निकोटिनने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, झिरपणंच कमी होतं, मग व्रण धरणार कसा? वर सिगारेटचा खोकला, तो प्रत्येक वेळी गादीवर धक्का देतो. सगळे अभ्यास एकत्र करून जेव्हा जेव्हा बघितलंय तेव्हा सिगारेटचा संबंध ठळकपणे येतो. दिवसाला दोन-तीनवर आणलंय हे सोपं काम नव्हतं, त्याचं खरंच कौतुक आहे, पण पूर्ण बंद करायला पाहिजे आणि जमत नसेल तर निकोटिनचे पॅच, गोळ्या यांच्यासाठी डॉक्टरांची मदत घ्या.

दुसरा नंबर शुगर. डायबेटिस असलेल्यांत परत सरकण्याचं प्रमाण जास्त दिसतं, तिथेही कारण बारीक रक्तवाहिन्यांचंच आणि भरून येण्याची क्रिया मंदावण्याचं आहे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, कितीवर आहे ते बघा. गोळी चालू आहे म्हणजे शुगर कंट्रोलमध्ये आहे असं नसतं.

वजनाबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, काहींत लठ्ठपणाचा संबंध खूप मोठा आला, काहींत आलाच नाही. तरीही कमी करा असंच सांगेन, कारण शुगरलाही त्याचा फायदा आहे आणि देव न करो दुसरं ऑपरेशन लागलं तर भूल आणि जखम दोन्हीला आहे.

मग उचलण्याचं. जड उचलण्याचं काम करणाऱ्यांत धोका जास्त येतो हे काही अभ्यासांत आहे, आणि गाडी-ट्रक तासन् तास चालवणाऱ्यांना बसणाऱ्या हादऱ्यांचंही बोललं जातं. पण 'उचलू नका' एवढं सांगून कोणाचं पोट भरत नाही, तेव्हा कसं उचलायचं ते आपल्या इथल्या फिजिओ मंडळींनी लिहावं.

दिगंत, तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचं ऐकून वाईट वाटलं, पण हिंडल्यामुळे सरकली असं म्हणता येत नाही. परत सरकण्याच्या बऱ्याचशा केसेस पहिल्या वर्षातच होतात, मग माणूस पडून असो की चालत असो. ऑपरेशननंतर बंधनं लवकर सैल केली तर परत सरकण्याचं प्रमाण वाढतं का हे तपासून पाहिलेलं आहे, वाढलेलं दिसलं नाही. महिनोन् महिने पडून राहिल्याने पाठीचे स्नायू मात्र नक्की वाळतात. पट्ट्याचंही तसंच, सुरुवातीला आधार वाटतो म्हणून काही दिवस वापरला तर हरकत नाही, पण पट्ट्यामुळे गादी सरकायची थांबते असा पुरावा नाहीये.

शेवटचं तुमच्या बधिरतेबद्दल. करंगळीकडची बाजू म्हणजे एस१ नस, एल५-एस१ ला तीच दबते, तेव्हा ही जुनीच आहे. दबलेल्या नसेचे तंतू फार सावकाश भरून येतात, महिन्याला जेमतेम इंचभर असा अंदाज धरतात, आणि कंबरेपासून तळव्यापर्यंतचं अंतर बघा. दोन महिन्यांत बधिर असणं नेहमीचं आहे. सकाळचं आखडणंही. यातून परत सरकलीय असं काही दिसत नाही.

फिजिओ_मी

डॉक्टरांनी माझ्याकडे चेंडू दिलाच आहे तर लिहिते. रोज याच पेशंट्सबरोबर काम असतं.

आकडे सांगितल्याशिवाय लोकांना पटत नाही म्हणून आधी आकडे. १९९० च्या दशकाच्या शेवटी विल्के नावाच्या संशोधकांनी एका धडधाकट माणसाच्या एल४-एल५ गादीत चक्क सेन्सर बसवून दिवसभराच्या हालचालींत दाब मोजला. पडलेला असताना ०.१ मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक). उभा असताना ०.५. २० किलो वजन छातीशी धरून उभा असताना १.१. तेच २० किलो जमिनीवरून गुडघे वाकवून उचलताना १.७, आणि गुडघे ताठ ठेवून पाठीची कमान करून उचलताना २.३. वजन तेच, माणूस तोच, आणि दाब उभं राहण्याच्या चौपटीहून जास्त. आणखी एक, रात्रभर झोपल्यावर गादी पाणी शोषून फुगते आणि झोपलेल्या स्थितीतला दाब सकाळपर्यंत ०.१ वरून ०.२४ वर गेला होता. म्हणून सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो आणि म्हणूनच सकाळी उठल्या उठल्या पहिला तासभर वाकायचं नाही हे मी प्रत्येकाला सांगते. पायवाट यांचं मोजे घालताना झालं ते याच वेळेत झालंय बघा. मोजे-बूट उशिरा घाला, किंवा बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन घाला म्हणजे कंबर वाकत नाही.

पलंगावरून उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, खांदा आणि खुबा एकदम वळले पाहिजेत, मग पाय पलंगाच्या खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने दाब देऊन अंग वर आणायचं. पहिले काही दिवस बायको शेजारी उभी राहते, नंतर झोपेतसुद्धा तसंच उठायची सवय लागते.

शिंक आली तर: बसला असाल तर पाठ टेकवा, उभे असाल तर एक हात भिंतीला किंवा टेबलाला, गुडघे किंचित सैल, पोट आत घट्ट, आणि मान-कंबर पुढे न झुकवता शिंका. शिंक दाबू नका, दाबली की उलट पोटातला दाब वाढतो. संडासला कुंथणंही तसंच वाईट, आणि पेनकिलरमधल्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, पाणी आणि लागलं तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या पण कुंथू नका.

उचलण्याचा नियम माझ्याकडे एकच आहे, वाकणं आणि वळणं एकदम नाही. गाद्यांच्या कड्यातले तंतू आडवे-तिरपे विणलेले असतात, पुढे वाकलेल्या अवस्थेत कंबरेला पीळ दिला की निम्म्या तंतूंवरच सगळा ताण येतो. गोदामात नेमकं हेच होतं, खोकं खालून उचललं आणि पाय न हलवता कंबरेतून वळून बाजूच्या थप्पीवर ठेवलं. त्याऐवजी उचला, अंगाशी घ्या, मग पावलं टाकून पूर्ण वळा, मग ठेवा. सुरुवातीला हे फार सावकाश वाटतं आणि बरोबरीचे लोक घाई करतात, तिथे नवऱ्याने ठाम राहायला पाहिजे.

चालणं हे पहिल्या दिवसापासूनचं औषध. पद्धतशीर व्यायाम ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी सुरू केले तर दुखणं आणि अडचण लवकर कमी होते, आणि त्यामुळे परत ऑपरेशन करावं लागायचं प्रमाण वाढत नाही, हेही अभ्यासांतून दिसलंय. तुमचे दोन महिने झालेत तेव्हा अजून सुरू नसतील तर आता फिजिओकडे जाऊन सुरू करा. युट्यूबवरचे 'स्लिप डिस्क बरी करा' टाईपचे व्हिडिओ बघून नको, त्यात अर्धे व्यायाम पुढे वाकायचे असतात.

रानजाई

सगळ्यांचे खूप खूप आभार. मी सगळं त्याला वाचून दाखवलं. ऑपरेशनचे कागद काढले तर त्यात खरंच लिहिलंय, 'लार्ज ॲन्युलर डिफेक्ट', मिलिमीटर काही लिहिलेले नाहीत. आता २७ टक्के वाचल्यापासून तो गप्प झालाय, म्हणतो मी नोकरीच सोडतो आणि खाली वाकायचं म्हणून नाही. काल मुलगी, साडेतीन वर्षांची आहे, धावत येऊन बिलगली तर त्याने तिला उचललंच नाही, ती रडली, तोही नंतर बराच वेळ शांत बसून होता. मला हे बघवत नाही. मोठं भोक आहे म्हटल्यावर ते शिवता येत नाही का? आधीच गादी पूर्ण काढून टाकली असती तर हा प्रश्नच आला नसता असं एक नातेवाईक म्हणतायत, ते खरं आहे का? आणि परत सरकली तर आम्हाला कळणार कसं, घरच्या घरी बघता येईल असं काही आहे का?

अस्थिवैद्य

त्याला सांगा की २७ म्हणजे ७३ जणांचं परत सरकलं नाही, आणि तेही मोठ्या भोकवाल्यांमधल्या. तो आकडा त्या एका अभ्यासातला आहे, त्याच्या कपाळावर लिहिलेला नाही. मी तो सांगितला तो नोट्स मागून घ्याव्यात म्हणून, त्याने जगणं थांबवावं म्हणून नाही.

शिवण्याचं विचारलंत. टाके घालून बघितलेले आहेत पण वाकण्या-उठण्याचा ताण त्या टाक्यांनी पेलला आणि त्याने ठळक फरक पडला असं नेहमीच्या वापरात दिसलेलं नाही. मोठ्या भोकांसाठी मणक्याच्या हाडात अँकर करून भोकावर पडदा लावायचं एक उपकरण निघालंय, मोठ्या चाचणीत त्याने परत सरकण्याचं प्रमाण कमी झालं, पण ज्यांना ते बसवलं त्यांच्यात मणक्याच्या पृष्ठभागात हाडाचे बदल जास्त दिसले, आणि ते पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच बसवायचं असतं. तुमच्यासाठी तो विषय संपलेला आहे, त्यावर झोप घालवू नका.

गादी पूर्ण काढण्याबद्दल. नातेवाईकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, गादी खरवडून जास्त काढली की परत सरकण्याचं प्रमाण थोडं कमी होतं. पण मग दोन मणक्यांमधली जागा बसते आणि पुढच्या वर्षांमध्ये कंबरदुखी जास्त मागे लागते. म्हणून हल्ली बहुतेक सर्जन नसेवरचा तुकडा आणि सुटं झालेलं तेवढंच काढतात, गादी शक्य तितकी राखतात. तुमच्या सर्जनने ३८ वर्षांच्या माणसाची गादी राखली हे मला तरी बरोबर वाटतं.

आता कळणार कसं. पायवाट यांनी कळीचं वर्णन इतकं नेमकं केलंय की त्यात भर घालायची गरज नाही. चांगले दिवस गेल्यानंतर त्याच पायात, त्याच वाटेने, गुडघ्याच्या खाली जाणारी कळ. नुसती कंबर दुखणं म्हणजे बहुतेक वेळा स्नायू असतात. घरी एक गोष्ट आठवड्यातून एकदा बघा: भिंतीला बोटं टेकवून एकाच पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, टाच पूर्ण वर, आणि हे सलग काही वेळा करायचं. आधी उजव्यावर, मग डाव्यावर. एस१ नस पोटरीचे स्नायू चालवते, तेव्हा डावी टाच आधी जेवढी उचलत होती तेवढी आता उचलत नाही असं झालं तर ते महत्त्वाचं. तसंच टाचांवर चालून बघायचं, पंजा वर धरवत नसेल तर वरची, एल५ नस. आज जे आहे ते लिहून ठेवा म्हणजे पुढे तुलना करता येईल.

आणि ज्यात एक तासही थांबायचं नाही ते हे: लघवी तुंबणं किंवा लघवी झाल्याचं न कळणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर होणं, दोन्ही पायांत एकदम कमजोरी. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. हे क्वचित होतं, पण उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं म्हणून प्रत्येक घरात एकाला तरी हे पाठ असलं पाहिजे. तसंच ताप, जखमेतून पाणी, रात्री विश्रांतीतही वाढत जाणारं कंबरेचं दुखणं असेल तर ते इन्फेक्शनचं असू शकतं, तेही लगेच दाखवा.

परत एमआरआय करायची वेळ आलीच तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, फोटोत उजळ दिसणारं औषध) देऊन करतात, कारण साध्या एमआरआयमध्ये नसेभोवतीचा ऑपरेशनचा व्रण आणि नव्याने आलेली गादी सारखीच दिसू शकते. व्रणात रक्तवाहिन्या असतात म्हणून तो कॉन्ट्रास्टने उजळतो, गादीचा तुकडा मधून काळाच राहतो. हा फरक का महत्त्वाचा, तर व्रणासाठी परत ऑपरेशन करून सहसा फायदा होत नाही. डायबेटिस आहे तेव्हा कॉन्ट्रास्टच्या आधी किडनीचा रिपोर्ट मागतील, तो तयार ठेवा. आणि उजव्या बाजूची किंवा वरची एल४-एल५ गादी सरकली तर त्याचा विचार वेगळा होतो, ते सगळं एकाच मापाने मोजू नका.

पायवाट

दुसऱ्या ऑपरेशनचं विचाराल म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी दोन सर्जनना विचारलं होतं. दोघांनी सांगितलं की दुसऱ्यांदाही गादीचाच तुकडा काढतात, पायाची कळ बहुतेकांची जाते, फक्त आधीच्या व्रणामुळे नसेभोवतीचं आवरण फाटायची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त. मणके जोडायचं, रॉड-स्क्रूचं, ते मणके सैल हलत असतील किंवा परत परत सरकत असेल तर. मला त्याची वेळ आली नाही.

आणि नोकरी सोडायची घाई करू नका म्हणावं. मी सहा-सात महिने हलकं काम मागून घेतलं होतं, डॉक्टरांच्या पत्रावर किती किलोपर्यंत आणि कुठल्या उंचीवरून हे स्पष्ट लिहून आणलं, 'जड काम टाळावे' एवढंच लिहिलं की साहेब लोक त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावतात.

फिजिओ_मी

पत्राबद्दल शंभर टक्के सहमत. त्यात हेही लिहून घ्या की माल कंबरेच्या उंचीवरून घ्यायचा, जमिनीवरून नाही. गोदामात टेबल किंवा पॅलेट वर उचलायची ट्रॉली मिळाली तर अर्धा प्रश्न सुटतो. खुर्चीवरच्या निम्म्या दिवसात अर्ध्या-पाऊण तासाने उठून थोडं चालायचं, हेही पत्रात आलं तर कोणी टोकत नाही.

मुलीबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून वेगळं लिहिते. त्याला तिला जमिनीवरून उचलायला लावू नका, पण जवळ घेणं थांबवूही नका. तिला आधी सोफ्यावर किंवा खुर्चीवर चढू द्या, साडेतीन वर्षांचं मूल हे आनंदाने करतं. ती उभी राहिली की त्याने एक पाय पुढे टाकून अगदी जवळ जायचं, तिची छाती त्याच्या छातीला लागली पाहिजे, तिने गळ्यात हात आणि कंबरेला पाय घालायचे, मग त्याने पोट घट्ट करून गुडघ्यांतून वर यायचं. खाली ठेवतानाही परत सोफ्यावरच, जमिनीवर नाही. पहिल्यांदा तुम्ही बाजूला उभ्या राहा आणि त्याच्या फिजिओला आधी एकदा विचारा, बहुतेक ते आता हो म्हणतील. तोपर्यंत तो सोफ्यावर पाठ टेकून बसला की तिला त्याच्या मांडीवर चढू द्या, त्याला आजपासूनच काही हरकत नाही.